टोपड्याचं माप

किल्लारीजवळची छावणी,
५ नोव्हेंबर १९९३

तीर्थरूप आईस मंदाचा साष्टांग नमस्कार.

तू आणि शेजारच्या रहमतबी मावशींनी भूकंपातल्या लोकांसाठी शिवलेल्या गोधड्या आणि बाळांची टोपडी नांदेडहून नीट पोचली. माझी तब्येत चांगली आहे, दोन्ही वेळा जेवते. जमीन अजून कधीमधी हलते, पण आम्ही तंबूत आहोत, अंगावर पडायला काही नाही. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं का?

आई, माझ्या हातून एक चूक झाली. वाटपाच्या रांगेत शेवंता नावाची तरुण बाई होती. काही न विचारता मी टोपडं पुढं केलं आणि म्हणाले, "बाळाला घाला, थंडी येऊन राहिली."

तिनं ते आपल्या मुठीवर चढवून बघितलं. "बरोब्बर बसलं असतं," म्हणाली. "अकरा महिन्यांचा हुता माझा." टोपडं परत देऊन ती गोधडी न घेताच गेली. आधी विचारलं असतं तर?

परवा ती आपणहून आली. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या, बाई. सुई-दोरा हाय का?"

आता रोज माझ्याजवळ बसून टोपडी शिवते. सगळी एकाच मापाची. दुसरं माप सांगायचा मला धीर होत नाही.

म्हणून तू आता त्या मापाची करू नकोस. त्याहून लहान आणि मोठी तेवढी पाठव.

मावशींना माझा सलाम सांग.

तुझी,
मंदा