दोन्ही एकच नसतं

तळेघर,
सोमवार, १२ जुलै १९९९

चि. रुपेश यास ज्योत्स्नाआत्याचे आशीर्वाद.

शनिवार, दहा जुलै, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या पश्चिमेच्या भिंतीतून पाणी घरात आलं. वेळेबद्दल शंका घेऊ नकोस. त्याच क्षणी भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं आणि तीच वेळ दाखवत पडून राहिलं. तुझी तब्येत चांगली असेल, वहिनींचा गुडघा बरा असेल, तुझं रंगाचं दुकान जोरात चालत असेल. (ते कसं चालतं हे आता मला कळलं आहे.) माझी तब्येत उत्तम आहे. बिछाना ओला आहे.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. इथे दरवर्षी पावसाआधी लोक पश्चिमेच्या भिंतीला कारवीच्या काठ्यांवर पेंढा बांधून केलेले आडोसे लावतात. डोंगरावरचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येऊन थोबाडीत मारतो. मे महिन्यात ठमाबाई, म्हणजे माझी शेजारीण, विचारायला आली की शिस्टर, तुमचा आडोसा कधी बांधायचा. मी तिला तू पाठवलेला रंगाचा डबा दाखवला आणि यंदा पेंढ्याची गरज नाही असं ठणकावून सांगितलं. तिने रंगवलेल्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या भितीला लुगडं, तुमच्या भितीला नुसती पावडर. बघा बया." मग उरलेला रंग तिच्या पत्र्याच्या ट्रंकेसाठी मागून नेला. ट्रंक माळ्यावर असते. ती अजून कोरडी आहे.

आता मुद्द्यावर येते. डब्यावर इंग्रजीत 'वॉटर-रेझिस्टंट' असं छापलं होतं. 'वॉटरप्रूफ' असं नव्हतं. नन्सनी मला छडी हातात घेऊन इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे मी तेव्हाच तुला फोन करून विचारलं. तू म्हणालास, "आत्या, रेझिस्टंट काय अन् प्रूफ काय, दोन्ही एकच." तू सख्ख्या भावाचा मुलगा, म्हणून मी ऐकलं. दुसरा दुकानदार असता तर डबा परत केला असता.

दोन्ही एकच नसतं, रुपेश. मी दवाखान्यात मेट्रन होते. पेशंटच्या गादीवर रबराचं मेणकापड घालायचो, ते प्रूफ. त्यातून काही म्हणजे काही खाली जात नसे. तेच रेझिस्टंट असतं तर पहाटेपर्यंत गादी वाचली असती आणि पुढे धोब्याची सोय करावी लागली असती. रेझिस्टंट म्हणजे जो लढतो. प्रूफ म्हणजे ज्याला लढावंच लागत नाही. माणसांचंही असंच असतं. कडू औषध बघून कां कूं करणारा पेशंट रिलक्टंट. दोनदा दटावलं की गिळतो. दातखीळ बसवून घेणारा रेझिस्टंट. त्याला दोन वॉर्डबॉय लागतात. आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही करून चप्पल घालून घरी जाणारा रिफ्यूज करतो, त्याच्यापुढे सिव्हिल सर्जनचंही काही चालत नाही. तुझा रंग जेमतेम पहिल्या जातीचा निघाला. त्याने तीन आठवडे कां कूं केली आणि मग पोपडे धरून खाली बसला.

शनिवारी मी बादल्या लावत असताना ठमाबाईने खिडकीतून पाहिलं. टोमणा मारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती आल्या पावली परत गेली आणि अर्ध्या तासाने नवरा जानकू आणि आणखी तीन घरची माणसं घेऊन आली. भर पावसात, प्रत्येकाने आपापल्या गुरांच्या वाटचा पेंढा आणला होता. अंधार पडायच्या आत भिंतीला लुगडं नेसवून झालं. मी चहा केला. (साखरही ओली होती. तक्रार कुणी केली नाही.)

काल किराणा दुकानातल्या फोनवर वहिनी बोलल्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. म्हणाल्या, आता पुरे झालं, घर कुणाला तरी देऊन टाका आणि पुण्याला या, मागची खोली रिकामीच आहे. तू शेजारून "बरोबर आहे" म्हणालास ते मला ऐकू आलं. तुझ्याच रंगाने भिंत भिजवायची आणि त्याच भिंतीचं कारण सांगून मला घराबाहेर काढायचं, हे फार सोयीचं आहे. हे घर मी स्वतःच्या पेन्शनमधून उभं केलं आहे. इथे कुणाचं बाळंतपण अडलं तर रात्री दार माझं वाजतं. पुण्यात मला कोण हाक मारणार? कुकरच्या शिट्ट्या? तेव्हा नीट समजून घे. मी पुण्याच्या बाबतीत रिलक्टंट नाही, रेझिस्टंट नाही. मी पुणे-प्रूफ आहे.

तुझी,
ज्योत्स्नाआत्या

ता. क. इथे अशा मदतीला पडकई म्हणतात. ज्या घरातून माणूस आला त्या घरी आपण एक दिवस राबायचं. मी पैसे पुढे केले तर जानकू म्हणाला, "शिस्टर, आमी काय मजूर हाय व्हय?" तो रुसून बसायला नको म्हणून मी पाकीट लगेच आत ठेवलं. चार घरं, भाताची लावणी गुरुवारी बावीस तारखेला ठमाबाईच्या खाचरापासून सुरू. माझी कंबर वाकत नाही. माझ्या घरातला माणूस म्हणून मी तुझं नाव सांगितलं आहे. चार दिवसांची तयारी करून ये. अंगावर काय घालायचं ते तुझं तू बघ, पण लेबल वाचून घे.

आणखी एक. मागच्या खोलीतली खाट वहिनींनी हलवू नये. भात निघाल्यावर मला डोळे दाखवायला आठवडाभर यावं लागेल, आणि तुझ्या लेकीला, श्रेयाला, पाहून वर्ष झालं. पुण्याच्या बाबतीत मी फार तर रेझिस्टंट आहे, पण हे वहिनींना सांगायचं नाही. तुझं उत्तर मंगळवार, वीस जुलैच्या टपालाने हातात पडलं पाहिजे. लेखी. फोनवर तू काहीही बोलतोस. 'येतो' किंवा 'येत नाही' एवढंच लिही. 'प्रयत्न करतो' असं लिहू नकोस, तसला डबा माझ्याकडे आहे.