शॉर्टस्टॉपचा खो

पापाटोएटोए, न्यूझीलंड, डिसेंबर २०१८

शिवाजीदादा,

मॅट्रिकनंतर तू माझा खो-खो बंद केलास आणि मला घरी बसवलंस. आता ऐक.

तुझा भाचा गंधार इथे पगारी बेसबॉल खेळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो, त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. लहानपणी चेंडू झकास अडवायचा, पण फेकताना विचार करत बसायचा. मग मी पार्कात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून त्याला शिकवलं, "खो म्हण आणि सोड. पुढचं पळणं दुसऱ्याचं."

काल शेवटच्या डावात सरपटी चेंडू आला. गंधार "खो!" ओरडला आणि त्याने तो दुसऱ्या बेसवर फेकला. तिथल्या माओरी जोडीदाराने झेलून लगेच पहिल्या बेसवर. एका चेंडूत दोघं बाद, मॅच आमची! सगळी टीम "खो! खो!" करत त्याच्या अंगावर पडली. मला बघून म्हणतो, "स्वीट अ‍ॅज, आई!" म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम झकास'.

हे पत्र पाठवणार नाही. "म्हणजे क्रिकेटच ना?" असं तू विचारशील आणि माझं डोकं फिरेल.

पण दादा, तू मला बसवलं नव्हतंस. मी खो देऊन बसले होते.

स्टँडमधून ओरडून घसा बसलेली,
शकु