हिराजी नावाचा इथे कुणी नाही

ती. आजोबा,

तुमच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं राहिलंय, ते विसरून नाही. दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं. आपल्या घरात तुमच्याबद्दल ते एक अक्षर आजपर्यंत कुणी लिहिलेलं नाही, उच्चारलेलं नाही. पहिला मी ठरलो तर काय होईल? पन्नाशी उलटलेला माणूस मी, गोदामात शंभर माणसांवर ओरडतो, आणि एका अक्षराला घाबरतो! हसा हवं तर.

उद्या सर्वपित्री अमावस्या आहे, म्हणून आजच लिहितोय. बाबा, म्हणजे तुमचा मुलगा, आतल्या खोलीत दुपारचे झोपलेत. उद्या ते पानं वाढतील. तुमच्या वडिलांचं, चुलत्याचं, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सगळ्यांचं. तुमचं वाढणार नाहीत. लहानपणी मी विचारायचो तेव्हा एकच उत्तर मिळायचं, “जित्या मानसाचा पान कोन वाढत न्हाय.”

तुम्ही जिते नाही आहात आजोबा. महिना झाला, मला ते कळलंय. या घरात फक्त मला कळलंय.

आमच्या घरातले तुम्ही कसे होतात, ते आधी सांगतो, तुम्हाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्ही पलटणीत गेलात, बर्म्याच्या लढाईवर गेलात, आणि तिथं दुसरं घर थाटून राहिलात. लढाई संपली, दिघाशीच्या आसपासच्या गावांतली माणसं परत आली, तुम्ही आला नाहीत. बाबा तेव्हा रांगत होते. पुढे त्यांनी जन्मभर तुम्हाला शिव्या घातल्या. भात लावताना घातल्या, नारपोलीत कापडाच्या लूमवर लागले तेव्हा घातल्या, माझ्या लग्नाच्या मांडवात घातल्या. “माझा बाप तिकरं बर्मीनीच्या मांडीवं डोका ठेवून झोपलाय,” असं चारचौघांत म्हणायचे. आणि आजी ऐकून घ्यायची, ठसठशीत कुंकू लावून, गालात हसायची सुद्धा. मला वाटायचं, किती मोठं मन!

तुमचा शोध मी कौतुकापोटी सुरू केला. माझ्या मुलीनं विचारलं, पणजोबा कुठल्या पलटणीत होते? मला सांगता येईना. मग नादच लागला. लढाईत गेलेल्यांची नावं शोधता येतात अशा जागा इंटरनेटवर आहेत. बारकू घालून पाहिलं, बारक्या घालून पाहिलं, आडनाव चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. काही नाही. बरंच वाटलं मला. मेलेल्यांत नाव नाही म्हणजे बाबांचं खरं आहे, तुम्ही तिकडे म्हातारे होऊन सुखानं गेलात.

मग एका रविवारी दिघाशीला मथुरा आत्याकडे गेलो. तुमच्या चुलत्याची नात ती. नव्वदी गाठली तरी वालाच्या शेंगा सोलत बसलेली असते. सहज विचारलं, आजोबांचं पाळण्यातलं नाव बारकूच का गं?

आत्या म्हणाली, बारकू हे घरचं नाव. तुमच्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून तुम्हाला खऱ्या नावानं हाक मारायची नाही असं तुमच्या आईनं ठरवलं होतं. यमाला पत्ता लागू नये म्हणून! मग तीही गेली, तुमचे वडीलही गेले, आणि खरं नाव ठाऊक असलेलं गावात फारसं कुणी उरलं नाही. ठाऊक होतं फक्त बायकोला. आणि ती तर नवऱ्याचं नाव घेणार नाही.

“पन माझ्या हळदीत घेतलान,” आत्या म्हणाली, आणि आजीचा उखाणा तिनं म्हणून दाखवला:

खल्यावं रचली भाताची रास,
हिराजीचा नाव घेतंय, पलटनीत त्याचा वास.

बायका खूप हसल्या म्हणे. पलटणीचा वास कसला गं, पायमोज्यांचा का? आजीही हसली. आत्याही सांगताना हसली, आणि हसता हसता थांबली. हातातली शेंग तिनं तशीच खाली ठेवली.

मग तिनं लहानपणीचं सांगितलं. लढाईच्या दिवसांत सायकलवरून एक माणूस गावात आला होता. खाकी कपडे, हातात कागद. विहिरीपाशी पोरी खेळत होत्या, त्यांना त्यानं विचारलं, हिराजी काना कोण इथला? पोरी म्हणाल्या, हिराजी नावाचा इथे कुणी नाही. त्यात आत्या होती. मोठ्या माणसांनीही माना हलवल्या. तो माणूस आला तसा गेला.

मी विचारलं, आजी कुठं होती तेव्हा?

“वटीवं भात पाखडत व्हती. तिनं मान वर न्हाय केली,” आत्या म्हणाली. “माझ्या हळदीत मी तो नाव ऐकला नं मना तो सायकलवाला आठवला. कोनाला बोलले न्हाय आजवर. तू पन बोलू नको.”

मोटरसायकलवरून घरी निघालो. इंटरनेटवर ते नाव टाकायचं नाही, असं वाटभर स्वतःला बजावत होतो. तरी टाकलंच. हिराजी, काना यांचा मुलगा. पायदळातला शिपाई. वय चोवीस. गाव दिघाशी, इंग्रजीत वेडंवाकडं लिहिलेलं. ज्यांचं जाळायला किंवा पुरायला काही हाती लागलं नाही, त्यांची नावं तिकडे दगडावर कोरलीत, त्यात तुमचं आहे. आणि तुमच्या माहितीत पुढे लिहिलंय, जाई हिचा नवरा. आजीचं नाव.

तेव्हापासून मला झोप नाही. तुमचं वाईट वाटतं, पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटण्याहून भीती मोठी आहे.

भीती कसली सांगू? आजी गेली तेव्हा गावच्या बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला. सवाष्ण गेली म्हणून पायाला हात लावायला ही रीघ! दरवर्षी तिचं श्राद्ध आम्ही अविधवा नवमीला घालतो, नवऱ्याआधी जाणाऱ्या बायकांचा तो दिवस. शेजारची सवाष्ण जेवते, तिची ओटी भरतो. यंदाही भरली. मी पाटापाशी बसलो होतो आणि वडा पानात तसाच टाकून उठलो. कारण मला ठाऊक होतं, की बाबा रांगत होते तेव्हापासून ती विधवा होती. हे मी बोललो तर माझ्या हातानं माझ्या आजीचं कुंकू पुसलं जाईल. मेल्यानंतर! कोण धजेल?

आणि बाबा? ज्या बापाला ऐंशी उलटेपर्यंत शिव्या घातल्या तो चोविसाव्या वर्षीच मेला होता, हे त्या माणसाला आता कसं सांगायचं? त्यांच्या छातीत मशीन बसवलंय. डॉक्टर म्हणालेत, धक्का नको. शिवाय हळू आवाजात काही सांगायची सोयच नाही. चाळीस वर्षं लूमचे जॉबर होते, यंत्रं दुरुस्त करता करता कान गेले. खालच्या गाळ्यात आताही लूम धडधडतायत. तुमचं मरण मला ओरडून सांगावं लागेल आजोबा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

जरा रागावू का तुमच्यावर? बूट घालायला मिळतात म्हणून पलटणीत गेलात, असं आत्या सांगते. गेलात ते गेलात. भरती होताना बारकू का नाही लिहिलंत? यमाला चुकवायचं नाव घरी ठेवलंत आणि खरं नाव घेऊन लढाईवर गेलात! बारकूला शोधत तो सायकलवाला आला असता तर…

इथे मघाशी थांबावं लागलं. आता जे लिहितोय ते संध्याकाळचं आहे. अक्षर बिघडलंय, सांभाळून घ्या.

लिहिताना पुटपुटायची माझी जुनी सवय. मान वर केली तर बाबा दारात उभे. केव्हापासून, ठाऊक नाही. आणि एक गोष्ट मी साफ विसरलो होतो. लूमवाल्यांना ओठ वाचता येतात. त्या धडधडीत एकमेकांशी बोलायचं कसं, तर ओठांनी आणि हातांनी. शेजारच्या कामगारांचं भांडण बाबा खिडकीतून बघून आम्हाला जसंच्या तसं सांगतात.

मी कागदावर हात ठेवला. त्यांनी तो कागद पाहिलासुद्धा नाही.

“हिराजी बोललास तू,” ते म्हणाले. “पत्ता गावला त्याचा?”

मी होकारार्थी मान हलवली. मग आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सगळं सांगितलं. ओरडावं लागलं नाही. माझे डोळे सारखे त्यांच्या छातीकडे जात होते. ते खुर्चीत बसले.

“किती वर्साचा व्हता?”

चोवीस, मी म्हणालो.

“तुझ्या पोरीपरीस ल्हान,” ते म्हणाले.

मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. आणि मग ते सांगू लागले. सायकलवाल्याची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. मिसरूड फुटलं तेव्हा कुणीतरी कानावर घातली होती. त्यांनी आजीला विचारलं, हिराजी कोण गं? आजी चुलीपुढे होती. ती म्हणाली, हिराजी नावाचा आपल्यात कुणी नाही. आणि भाकरी थापत राहिली. थापलेली भाकरी तिनं मोडून पुन्हा थापली, एवढं त्यांनी पाहिलं.

“मंग मी पन परत न्हाय इचारला,” बाबा म्हणाले.

मी विचारलं, मग शिव्या का घालत होतात बाबा?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही.

“शिव्या जित्याला देतान,” ते म्हणाले. “मी देत व्हतो तवर तो जिता व्हता. तुझी आजी पन ऐकून हसायची.”

आजोबा, मी त्यांचा राग समजत होतो. तो राग नव्हता. दोघं मायलेक घाबरत होते, एकमेकांना कळू न देता, त्याच घरात, त्याच चुलीपाशी. माझी महिन्याभराची भीती त्यापुढे काय? आणि वारसा म्हणून ती माझ्यापर्यंत आलीसुद्धा.

शेवटी जे विचारायला सगळ्यात भीत होतो ते विचारलं. आजीचं नवमीचं श्राद्ध आता कोणत्या दिवशी घालायचं?

बाबा उठले होते, भिंतीला हात धरून. आजीच्या फोटोसमोर उभे राहिले.

“नवमीलाच,” ते म्हणाले. “मरन त्याचा. कुंकू तिचा. ते कोनी पुसायचा न्हाय.”

आत जाऊन ते आडवे झाले. मी दर थोड्या वेळानं उठून त्यांची छाती हलतेय ना, बघून येतो. एकदा डोळे न उघडता म्हणाले, उद्या एक पान जास्त कर. वालाचं बिरडं कर, पलटणीत त्याला कोण देणार होतं?

तर आजोबा, उद्या तुमचं पान वाढू. कावळा शिवेल की नाही, याचीही मला आतापासून धास्ती आहे. तुम्हाला हाक कोणत्या नावानं मारायची, हे बाबांनी ठरवलेलं नाही. बहुतेक आधी एक शिवी येईल, सवयीनं. रागावू नका, या.

मी एवढंच वचन देतो. आजीची नवमी मी हलवणार नाही, माझ्यामागे माझी मुलगी हलवणार नाही. आणि पुन्हा कधी कुणी सायकलवरून कागद घेऊन आला, हिराजी काना कोण इथला म्हणून विचारू लागला, तर कितीही भीती वाटली तरी मान वर करून सांगेन, आमचाच. जाईचा नवरा.

तुमच्यापेक्षा दुप्पट म्हातारा,
तुमचा नातू