बत्तीस स्पोकचं चाक

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप धर्मराजमामांना,
भाची करिष्माचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर चाकाचं नाव काढलं की रेंज नाही म्हणून तुम्ही फोन ठेवता. कॅम्प नंबर तीनच्या भर बाजारात रेंज नाही? म्हणून हे पत्र मामीच्या हाती देतेय. कागद तरी कट करता येत नाही.

हासळीचं हाड जुळलं, डॉक्टरांनी सायकलवर बसायची परवानगी दिली. एकोणीस जानेवारीला डोंगरउताराच्या शर्यतीची राज्य निवड आहे आणि माझ्या सायकलला चाकंच नाहीत! मागचं सप्टेंबरात मी पडले तेव्हा पापडासारखं वाकलं, पुढचंही खिळखिळं झालंय. दोन महिने मी चाकं सुचवतेय आणि तुम्ही नाक मुरडताय. ॲल्युमिनियमची दाखवली तर म्हणालात पत्र्याचा डबा. कार्बनची दाखवली तर म्हणालात, दगड लागून तडकली तर बाहेरून कळायचं पण नाही. तिसऱ्या जोडीचा मधला हब अरुंद निघाला. माझ्या फ्रेमला मागे एकशे सत्तावन्न मिलिमीटर लागतं आणि त्याचं होतं एकशे अठ्ठेचाळीस. ते तुमचं बरोबर होतं, मान्य. पण चौथी जोडी तर फोटोसुद्धा न बघता नापास?

बरं, स्वतः बांधून द्या म्हटलं तर तेही नाही. सातवीत असल्यापासून माझ्या प्रत्येक सायकलची चाकं तुम्ही बांधलीत. आता काय हाताला मेंदी लागलीय? तुमचं चाक मी मोडलं म्हणून रागावला असाल तर तोंडावर रागवा. हे मुकाट बसणं माझ्याच्याने सहन होत नाही.

राग कमी आणि लोभ जास्त ठेवा.
तुमची वैतागलेली,
करिष्मा


कॅम्प नं. ३, उल्हासनगर
१ डिसेंबर २०२४

चि. करिष्मास अ. आ. आणि जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, स्वभाव नाही. मी रागावलेलो नाही.

चौथी जोडी आता पाहिली. स्पोक अठ्ठावीस. तुझ्यासारखी दांडगट पोरगी उतारावर बसणार, तर बत्तीसच्या खाली बोलायचं नाही. पुढचं चाक एकोणतीस इंची आणि मागचं साडेसत्तावीस, हे एवढं तरी नीट बघ, नाहीतर दुकानवाला दोन्ही एकाच मापाची गळ्यात मारेल.

बांधून देण्याचं म्हणशील तर माझे डोळे गेले. हल्ली मोठ्या दुकानांत यंत्रावर चाकं बांधतात म्हणे, तिकडे जा. हा विषय परत नको. शेजारच्या जीन्सवाल्या साईंनी तुझ्यासाठी जाड पँट शिवलीय, गुडघ्यांना डबल कापड लावून. मामीबरोबर पाठवतोय.

आईला विचारलंय म्हणून सांग. जपून राहा, दुसरं काही मागत नाही.
धर्मराजमामा


कॅम्प नं. ३
१ डिसेंबर

लाडक्या करिष्मास जनीमामीकडून जयभीम आणि एक धपाटा.

ही चिठ्ठी पँटच्या खिशात ठेवतेय, तुझ्या आईसमोर बोलता यायचं नाही.

मामांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही गं. रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याचा काटा वाचतात इथून! तुझं ते वाकडं चाक दुकानात खिळ्याला टांगलंय. येता-जाता त्याचे स्पोक चाचपतात. सप्टेंबरपासून एकाही गिऱ्हाइकाच्या चाकाचा आऊट काढलेला नाही. पंक्चर काढतात, हवा भरतात, पण चाक सरळ करायला कुणी आला की पुढच्या गल्लीत पाठवतात. मी अगदी खनपटीला बसले तेव्हा म्हणाले, माझ्या हातात खोट आली जनी, नाहीतर पोरगी पडली नसती. तीस वर्षांचा हात, आणि असं बोलतात! मला बघवत नाही. तूच काय ते लिही.

तुझी,
मामी


शिरगाव
८ डिसेंबर २०२४

ति. मामांना जयभीम. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

तुमच्या हातात खोट नाही. पडायच्या आठ दिवस आधी मागचं चाक एका धोंड्यावर आपटलं होतं. रिमला पोचा आला, दोन स्पोक ढिले झाले. तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही महिनाभर उतार बंद केला असता. म्हणून ते दोन्ही स्पोक शेजारच्या स्पोकना काळ्या टेपने बांधले आणि तशीच उतरले. पडल्यावर हात लोंबत होता, तरी सरावाला सोबत असलेल्या विनीतला आधी टेप सोलायला लावली आणि मगच चाक तुमच्याकडे पाठवलं. हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत, तेव्हा चाक ठणठणीत होतं असं तुमच्या तोंडावर सांगितलं.

मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर चिडलात. तुम्ही स्वतःलाच दोष देत असाल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि वर मीच तुम्हाला मेंदीचे टोमणे मारले. फार लाज वाटतेय, मामा. मला चाकं नकोत, निवडही नको. तुम्ही फक्त परत आऊट काढायला बसा.

माया उरली असेल तेवढी राहू द्या.
करिष्मा


कॅम्प नं. ३, उल्हासनगर
११ डिसेंबर २०२४

करिष्मा, आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

गाढवे! ढिला स्पोक टेपने बांधतात? उद्या ब्रेक तुटला तर नाडीने बांधशील! एवढी वर्षं दुकानात शेजारी बसवून तुला हेच शिकवलं का मी? पत्र वाचून असा ओरडलो की साईं मशीन बंद करून धावत आले. मामीने पाणी आणून दिलं, तेही सांडलं.

आता एक सांगतो. चाक आलं त्याच दिवशी मला चार स्पोकना चिकटा दिसला होता. टेपचा चिकटा मला कळत नाही होय? पण तू चाक ठणठणीत होतं म्हणालीस. म्हणजे एक तर तू खोटी, नाहीतर माझा हात खोटा. मी हात खोटा धरला. तुला खोटं धरणं मला जमलं नाही.

तयार चाकं घेऊ नकोस. रिम, हब आणि चाकाला बत्तीस याप्रमाणे स्पोक सुटे आण. मागचा हब एकशे सत्तावन्नचाच. रविवारी सकाळी ये. चाकं तू बांधायचीस, मी समोर स्टुलावर बसून शिव्या देणार. आऊट मात्र मी काढीन. एकोणीसला उतरायचं की नाही ते त्यानंतर बघू. घरात ती काळी टेप जेवढी उरली असेल तेवढी सगळी घेऊन ये, ती माझ्या डोळ्यांदेखत गटारात गेली पाहिजे.

वर राहिलेले अ. आ. इथे घे.
धर्मराजमामा