टोपलीत टाका

१ ऑक्टोबर २०१८, सोमवार

गाडी! गाडी कधी येणार, गाडी! सकाळपासून तिसरा फोन. अरे बाबा, मी टोपल्या विणते, टेम्पो नाही चालवत! तिसऱ्याला बोलले तसंच. त्याने फोन ठेवला. गेलं गिऱ्हाईक. जाऊ दे. — जाऊ दे कसं? टोपल्यांवरच चूल पेटते माझी.

ही सगळी सुषमाची करणी. तलासरीत तिचं फॉर्म भरायचं दुकान आहे, कॉम्प्युटरवालं. माझ्या टोपल्या तिने इंटरनेटवर मांडल्या. एक फेसबुकचं पान आणि एक दुकान. दुकानात टोपलीचा फोटो, फोटोखाली बटण, बटणावर लिहिलंय — "गाडीत टाका". वाचणारा दुसरं काय समजणार? चौथी शिकलेली मी, मला कळतं ते त्यांना कळत नाही!

आणि फेसबुकवर नवा फोटो चढला की एकजण लगेच अंगठा दाखवते. नाव ना गाव, तोंडाच्या जागी नुसती लाल जास्वंद. नको तर नको घेऊस. अंगठा कशाला दाखवतेस?

३ ऑक्टोबर

उधव्याहून जीप पकडली, तलासरीला जाऊन सुषमाला धरलं. "अगं बाय, अंगठा म्हणजे आवडलं!" हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी. आवडलं तर हात जोडा ना, मी म्हटलं.

गाडीचं तिला पटलं. मूळ इंग्रजी शब्द 'कार्ट' आहे, मराठी करताना कुणीतरी गाडी करून ठेवली.

"मग खोड की."

"खोडता येईल. ओपन सोर्स आहे ते."

"कुणाचा सोर्स लावलास?"

परत हसली! सोर्स म्हणजे वशिला नाही म्हणे. त्या दुकानाची सगळी वीण उघडी ठेवलीय. कुणीही बघा, घ्या, उसवा, नीट करा, पुढच्याला द्या. फुकट. मी विचारलं, मग बनवणारा खातो काय? म्हणे, दुकानं मांडून देतो, बिघडलं तर दुरुस्त करतो, शिकवतो. वापरणारे वाढले की त्याचं काम वाढतं.

येडा आहे. आमच्या बायजीसारखा.

मी सांगितलं, टोपली लिही. बाजारात माणूस टोपलीतच टाकतो. तिने ते बनवणाऱ्यांकडे लिहून धाडलं.

४ ऑक्टोबर

बायजीचं नाव उगाच निघालं काल. आता डोक्यातून जाईना. माझी धाकटी बहीण. आईने तारा-बूड आम्हा दोघींनाच शिकवलं — टोपलीच्या तळाशी बांबूच्या कामट्या अशा फिरवायच्या की चांदणी उमटते. वजन कितीही टाका, तळ सुटत नाही. बायजी लग्न होऊन समुद्राकडे वरोरला गेली आणि तिथल्या अख्ख्या पाड्याला शिकवून बसली! मी म्हटलं, आईचं बूड वाटलंस? ती म्हणाली, "वाटलं तर संपलं का?" नऊ वर्षं झाली. बोलत नाही आम्ही.

१४ ऑक्टोबर

कापणी. कंबर गेली.

२२ ऑक्टोबर, सोमवार

घेतला! माझा शब्द घेतला! पुण्याचा कोणी आहे, मराठीचं काम बघणारा. लिहितो, "बरोबर आहे जिवलीताई, धन्यवाद." आणि मदत करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं. सुषमाने दाखवलं. एवढीशी अक्षरं. जिवली, उधवा.

आता हेच दुकान मराठीत ज्यांनी मांडलंय, त्या सगळ्यांकडे टोपली येणार.

कामट्या पाण्यात भिजत पडल्या, मी पण तशीच. हात चालत होते, मी तिथे नव्हते. कोल्हापुरात कुणी चपला टोपलीत टाकतंय. नागपुरात कुणी लुगडं. कुठे पुस्तक, कुठे बाळाचं झबलं. सगळीकडे टोपल्या भरतायत, न विणलेल्या, न दिसणाऱ्या, वाऱ्यासारख्या हलक्या, आणि त्यांचं पहिलं टोक माझ्या पायाच्या बोटांत धरलेलं. सकाळी डोंगर धुक्यात दिसेना. वाटलं, कोंबडी झाकतात तसा कुणी डालग्याखाली झाकलाय.

एक शब्द दिला. माझ्याकडचा कमी कुठे झाला? टोपली म्हणायला मला अजून येतंच!

५ नोव्हेंबर

नाशिकचं लग्नघर. फेसबुकवर बघितलं त्यांनी. तीनशे टोपल्या, आहेराची मिठाई भरायला. तारा-बूडच हवं. पंधरा डिसेंबरच्या आत. मी हो म्हणून मोकळी!

मग हिशोब केला. दिवसाला तीन बुडं होतात माझ्याने. शेजारच्या भिकी आणि काळी वरचं विणतील, बूड त्यांना येत नाही. मीच शिकवलं नाही कधी. भिकी तोंडावर बोलली, "आता का गं बोलावतेस? तेव्हा पाठ फिरवून विणायचीस."

खरं आहे.

१८ नोव्हेंबर

चाळीसावर दोन झाली. बोटं सुजली. भिकीला शिकवायला बसले, तिची चांदणी वाकडी येते. लग्नघराला आता नाही म्हटलं तर पानावर लिहितील — ही बाई बोलते आणि करत नाही. मग कोण येणार माझ्याकडे?

दुपारी कामटी हातात घेऊन तशीच बसले. समुद्र दिसायला लागला, इथे डोंगरात बसून! वरोरच्या वाळूत बाया ओळीने बसल्यात, सगळ्यांच्या पायांत चांदण्या. बायजीने लपवून ठेवलं असतं तर आज हे बूड येणाऱ्या दोनच बाया असत्या. आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

२१ नोव्हेंबर, बुधवार

जास्वंदीने फोटो धाडला. अक्षर एक नाही. टोपली उलटी ठेवलेली, नुसता तळ. चांदणी डावीकडून फिरलेली.

डावखुरी एकच होती आमच्या घरात. आई ओरडायची तिला.

बायजीला सही कधी आलीच नाही. सगळीकडे अंगठाच.

२२ नोव्हेंबर

जास्वंदीला फोनमध्ये बोलून धाडलं. "बायजे, वाटलंस ते बरं केलंस. तुझ्या सगळ्या बायांना घेऊन ये. तीनशे टोपल्या करायच्या आहेत. नाही यायचं तर तसं सांग, अंगठा नको दाखवूस. तोंडाने बोल. रविवारपर्यंत."