बाबांच्या आरतीचा फोल्डर

प्रज्योत पुता,

उठल्यावर आधी हे वाच, मग मॅकला हात लाव. पूजेला रोजच्यासारखी बाबांनी म्हटलेली आरती लावायला गेले, तर एकही व्हिडिओ उघडेना. तू मॅकच्या आत घातलेल्या विंडोजवर, फाइलींना कुलूप घातलंय, सोडवायला पैसे भरा, अशी पाटी आली आहे. काल बाबांचा जुना पेनड्राईव्ह तिथेच लावलास ना? "मॅकाक व्हायरस लागना गे आई, अँटीव्हायरस कित्याक जाय?" म्हणालास, आणि तो घातलाच नाहीस. मॅक धड आहे रे, पण आरतीचा फोल्डर मॅक आणि विंडोज दोन्हींना एकच होता. दुसरी प्रत ठेवलेली डिस्कही विंडोजलाच जोडलेली राहिली. तीही गेली.

डिचोलीच्या कॉम्प्युटर दुकानवाल्यांना घरी फोन केला. त्यांनी नेट बंद करायला सांगितलं, ते केलं. गेलेलं परत येईल असं ते म्हणाले नाहीत.

पैसे भरू नकोस. स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. पेज झाकून ठेवली आहे, पोदेराकडचे पाव, उंडे, डब्यात आहेत. माझा सोमवार, मी देवळात आहे.

बाबा गेल्यापासून त्या व्हिडिओबरोबरच म्हणत होते मी. त्यांनी रचलेली आरती, कागदावर कुठेच नाही. शेवटचं कडवं ते एकटेच म्हणायचे, मी नुसत्या टाळ्या वाजवायचे. आज तिथवर आले आणि टाळ्याच वाजवत राहिले.

आई