दुधाची ओळ

हातूर ४

माझी मैत्रीण दिमयाना आजही नावेत चढली नाही. पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नंबर लावला होता. धक्क्यापर्यंत धरून नेली, चपला काढून हातात घेतल्या, आणि पाणी पायाला लागताच बाई मागे फिरली. म्हणाली, "बखीता, मरायचंच असेल तर मी कोरडी मरते." नाववाला हसला. जन्म गेला नाईलच्या काठी आणि पाण्याला भिते, म्हणून गाव तिला कायम हसत आलंय.

मला हसू आलं नाही. तिचे डोळे पिवळे झालेत, पोट फुगलंय. चाळीस वर्षं मी मयताच्या घरी बसून गाणी म्हटली. हा रंग मला कळतो.

हातूर ५

साक्षरता वर्गाची मास्तरीण म्हणते रोज लिहा, नाहीतर अक्षरं विसराल. आमच्या जुन्या पंचांगात हातूर म्हणजे गव्हाचा महिना, आज गहू पेरला. बाकी काही नाही.

हातूर ९

कॉलेजातली एक पोरगी आली होती, रीहाम. आमची अदीद, म्हणजे मयताची गाणी, तिला फोनमध्ये भरून घ्यायची होती. मी सांगितलं, गाणं बंद केलंय. बदवीनं, माझ्या मुलानं, दोन वर्षांपूर्वी उसाचे पैसे घालून मला हजला नेलं. तिथं त्याचा हात धरून मी तौबा केली, की मेलेल्यासाठी पुन्हा गाणार नाही. आमच्या धर्मात मयतावर गळा काढणं पाप आहे, हे त्याचं म्हणणं. हात धरला होता, शब्द दिला. संपलं.

पोरगी हिरमुसली. मग म्हणाली, "गाऊ नका हज्जा, नुसते शब्द तरी सांगा." नुसत्या शब्दांना काय पाप? सांगितले.

पलीकडं नेणाऱ्या नावाड्या, हळू वल्हव,
हिची ओढणी अजून वाळायची आहे.

ती एकदम ताठ बसली. "पण हज्जा, तुमचं कब्रस्तान तर गावामागं आहे, डोंगराकडं. मधे नदी कुठं येते? नावाडी कशाला लागतो?" मी म्हटलं, माझी आजी म्हणायची म्हणून मी म्हणते. तिला विचार, भेटली तर. मग तिनं फोनवर फोटो दाखवला, डोंगरातल्या कुठल्याशा जुन्या कबरीच्या भिंतीचा. बायकांचा घोळका, केस मोकळे, हात वर, एकीनं कपाळाला माती लावलेली. पुढं नाव, नावेत मयत. मला तर त्यातली तिसरी बाई थेट आमच्या शेजारच्या गल्लीतली वाटली. रीहाम म्हणते तीन हजार वर्षांच्या वर झाली ह्या बायकांना. मूर्ती गेल्या, येशू आला, मग आमचा इस्लाम आला, तरी बायकांनी हात खाली केले नाहीत. फार खूश होती पोरगी.

खूश व्हायची वेळ नेमकी चुकली. बदवी दारात उभा. "बघ आई, मी काय सांगत होतो? काफरांचं आहे हे. आता तर फोटोच निघाला. जन्नतीत नावाडी नसतो."

पोरीचा चेहरा उतरला. तिला चहा पाजून लावून दिली.

हातूर १०

दिमयानाकडं गेले तर तिथं अबूना बसलेले, तिच्या चर्चचे पाद्री. गावात फोटोची बातमी फिरली वाटतं. मला म्हणाले, "हज्जा बखीता, वेळ येईल तेव्हा आमच्या घरात ते फिरौनच्या काळचं रडगाणं नको. स्वर्गात नावाडी नसतो."

मशीद आणि चर्च कधी नव्हे ते एका वाक्यावर आले. तेही माझा गळा दाबायला!

अबूना बोलत होते तेव्हा त्यांच्या छातीवर तो जुन्या घडणीचा क्रूस हलत होता, वर कडी असलेला. रीहामच्या फोटोत नावेतल्या माणसाच्या हातात हुबेहूब तसलंच होतं.  म्हाताऱ्या माणसाला ते सांगून कशाला त्रास द्या.

हातूर १७

त्यांचा नाताळच्या आधीचा उपास सुरू झालाय. मी कबुतराचं सूप नेलं तर दिमयानानं तोंड फिरवलं. अबूनांनी आजाऱ्याला मोकळीक दिली आहे म्हटलं, तरी नाही. शेवटी उन्हात फुगवलेली भाकर पाण्यात कुस्करून भरवली.

खाता खाता म्हणाली, "आपलं ठरलं होतं."

ठरलं होतं खरं. ती आधी गेली तर मी गायचं. मी आधी गेले तर तिनं माझ्या नावानं भाकरी वाटायच्या. दोघी नव्या नवऱ्या होतो तेव्हाची गोष्ट, दळता दळता ठरवलेली. मी म्हटलं, "मी तौबा केलीय गं, काब्यासमोर." ती म्हणाली, "माझं काय मग? मी काय मुक्यानं जाऊ? गाढव मेल्यासारखी?"

घरी आले तरी तेच कानात. एकीकडं देवाला दिलेला शब्द, दुसरीकडं हिला. दोन्ही माझेच.

हातूर २१

बदवीशी वाजलं.

मी म्हटलं, "तिच्यासाठी एकदाच. तुझी दूध-आई आहे ती." तो झाला तेव्हा मी तापानं फणफणले होते, माझं दूध आटलं. दिमयानानं तिच्या पोरीबरोबर ह्याला पदराखाली घेतलं आणि चालायला लागेपर्यंत पाजलं. धर्मानंसुद्धा ती त्याची आई, तिच्या मुली त्याच्या बहिणी. हे त्याला मी सांगायला नको, मशिदीत तोच दुसऱ्यांना सांगतो.

तो म्हणाला, "म्हणूनच तर. माय दिमयानाच्या नावावर पाप कशाला?"

"आणि बापाचा मेल्यावरचा चाळिसावा दिवस केलास तो? मेंढा कापलास, गाव जेवलं. तो कुठल्या ग्रंथात लिहिलाय ते दाखव."

त्यानं उसाचं कांडं उचललं आणि दातांनी सोलायला लागला. चिडला की हेच करतो, लहानपणापासून. दिमयाना ह्या दातांची केवढी मिजास करते! "ते दात बघा, माझ्या दुधाचे आहेत," असं पाहुण्यांना सांगते, तो घोडा झाला तरी.

हातूर २६

दिमयाना आजारी आहे, पण डोकं वकिलाचं. आज म्हणाली, "तुझी तौबा कोणासाठी गायची नाही अशी आहे?"

"मेलेल्यासाठी."

"मग मी मेलेय का?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठून दार ओढून घेतलं. जित्या माणसासमोर ती गाणी म्हणत नाहीत. माझ्या आजीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की नुसता सराव करायचा तरी शेतात जाऊन कर, घरात कोणी आजारी असेल तर तोंड उघडू नको. गाणं ज्याचं नाव घेतं त्याला घेऊन जातं.

तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला न्यायला काय गाणं लागतंय? निघालेच आहे. फक्त ऐकून जाऊ दे."

 

हातूर २९

गायले.

भर दुपारी, दार लावून, गाव जेवून आडवं झालेलं असताना. आवाज आधी फुटेना, मग फुटला. दार लोटून गेलीस, कडी कोणी लावायची, ते म्हटलं. चुलीवरचं भांडं कोणी उतरवायचं, तेही म्हटलं. आमच्यात एकीनं ओळ म्हणायची आणि मागच्या बायकांनी उचलायची असते. मागं कोणी नव्हतंच. तर ही बाई स्वतःच उचलायला लागली! स्वतःच्या मयताची ओळ, उशीला टेकून, बारीक आवाजात. मधेच थांबवून म्हणते, "माझी कंबर कसली बारीक? ते काढ. लोक हसतील." मी हसले, ती हसली, मग दोघी रडलो. खूप रडलो.

नावाड्याची ओळ आली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "त्याला नीट सांग, मला पाण्याची भीती वाटते. तो पाद्री काय म्हणायचं ते म्हणू दे." मी ओळ बदलली. नावाड्या, काठाकाठानं ने, ही पाण्याला भिते. तिचा चेहरा सैल झाला. डॉक्टरच्या कुठल्या गोळीनं असं झालं नव्हतं.

मग म्हणाली, "आता दुधाची म्हण."

दुधाची ओळ मला येत नाही. आईसाठी आहे, बहिणीसाठी आहे, सवतीसाठीसुद्धा आहे. दूध-आईसाठी आजीनं काही शिकवलंच नाही. तिला खरं सांगितलं. ती फुरंगटली. "तुझ्या पोराला एवढं पाजलं आणि माझ्या नावानं एक ओळ नाही? बस मग, राहू दे." भिंतीकडं तोंड केलं. नंतर झोप लागली तिला.

निघाले तर दाराबाहेर उसाची मोळी भिंतीला टेकवून ठेवलेली. कोणी आणली कोणास ठाऊक.

हातूर ३०

दिवसभर ओळ जुळवत बसले. दूध, नदी, चंद्र... सगळं खोटं वाटतं.

कियाहक ३

दिमयाना गेली. पहाटे, झोपेत. मुली अलेक्झांड्रियाहून संध्याकाळी पोचल्या. दुधाची ओळ राहिली.

कियाहक ४

पुरली. अबूनांनी त्यांची प्रार्थना म्हटली, चांगली म्हटली. बायका माझ्याकडं बघत होत्या, मी ओठ दाबून उभी. बदवीनं पेटीला खांदा दिला. मशिदीतले दोघं-तिघं नाराज झाले, त्यानं लक्ष दिलं नाही. कोणी गळा काढला नाही. अबूना समाधानानं मान हलवत होते.

गाढव मेल्यासारखी, म्हणाली होती. तसंच झालं.

कियाहक १२

भाकर गोड लागत नाही. मी तिला गाऊन घालवली का? न गाता राहिले असते तर नाताळ बघितला असता तिनं. आजी खोटं सांगायची नाही. आणि एवढं करून शेवटी रुसवूनच पाठवली.

बदवीला विचारायची हिंमत नाही. त्याला त्या दुपारचं ठाऊक नाही. तोही हल्ली ताटावरून लवकर उठतो. मशिदीतून येतो आणि ओट्यावर बसून राहतो, हातात ऊस, सोलत नाही.

तूबा ११

ख्रिस्तावांचा गितासचा सण, येशूच्या बाप्तिस्म्याचा. दिमयानाच्या मुलींनी अरवीच्या कंदांची भाजी केली, मलाही वाटीभर पाठवली. ह्या सणाला घरोघरी ऊस खातात. उद्या तिचा चाळिसावा. तो त्यांच्यातही करतात, आमच्यातही. कोणी कोणाकडून घेतला ते रीहामला ठाऊक असेल.

मी जाणार आहे. तोंड उघडणार नाही.

तूबा १२

थडग्यापाशी अबूनांचा धूप फिरवून झाला होता, पण ते अजून निघाले नव्हते. बदवी उसाची मोळी खांद्यावर घेऊन आला. बायकांना एकेक कांडं वाटलं. शेवटचं स्वतः दातांनी सोललं, थडग्यावर ठेवलं, आणि मान खाली घालून, बेसूर आवाजात म्हणाला —

माझ्या दातांत तुझं दूध आहे, माय,
हे पडेपर्यंत तू गेलेली नाहीस.

म्हणजे त्या दुपारी दाराबाहेर तो होता.

 ओळ तशीच लोंबकळत राहिली. कोणीतरी उचलायला हवी होती.

मी उचलली.